आमदार, पण कुठले? विधानसभेचे की परिषदेचे

चौकातल्या फ्लेक्सवर नुसतं "आमदार" लिहिलेलं असतं, कुठल्या सभागृहाचे ते कुणी विचारत नाही. पगार सारखा, मान सारखा, आमदार निधी दोघांनाही. त्यामुळे लोकांचा गोंधळ होणारच. पण नगरसेवक किंवा झेडपी मेंबर म्हणून सुरुवात केलेल्या माणसाला हा फरक बरोबर माहीत असतो, कारण पुढची दहा-पंधरा वर्षं कुणाच्या दारात जायचं हे त्यावरच ठरतं.

विधानसभेचं सगळ्यांना माहीत आहे. २८८ मतदारसंघ, वय २५ पूर्ण पाहिजे, लोक थेट मत देतात, मुदत पाच वर्षं आणि सभागृह बरखास्त झालं तर त्याआधीच घरी. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते ते १९८० ला आमदार झाले, आर. आर. पाटील आधी सांगली झेडपीत आणि मग १९९० ला तासगावातून विधानसभेत. इथे वॉर्डातलं किंवा गटातलं काम उपयोगी पडतं पण पुरत नाही, कारण वॉर्डात काही हजार मतं आणि विधानसभेला तीन लाखांच्या आसपास मतदार, म्हणजे जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही अशा गावांत लग्नं, दहावे, सप्ते सगळं करत फिरावं लागतं आणि तरी तिकीट मिळेलच असं नाही.

विधान परिषदेचं, म्हणजे राज्याच्या दुसऱ्या सभागृहाचं, गणित वेगळं. एकूण ७८ जागा. ३० विधानसभेचे आमदार निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांमधून, ७ पदवीधर, ७ शिक्षक आणि १२ राज्यपालनियुक्त. वय ३० पाहिजे. मुदत सहा वर्षं, आणि हे सभागृह कधी बरखास्त होत नाही, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश लोक निवृत्त होतात. पदवीधरमध्ये तर मतदारयादी दर वेळी नव्याने बनते, मागच्या वेळी नाव होतं म्हणून आपोआप राहत नाही, म्हणून उमेदवार प्रचाराआधी नोंदणीचे फॉर्म भरून घेत फिरतात.

त्या २२ जागा लोकल राजकारण्यांसाठी सगळ्यात मजेशीर. तिथे मतदार कोण तर नगरसेवक, नगरपालिका-नगरपंचायतीचे सदस्य, झेडपी मेंबर, पंचायत समितीचे सभापती. गावचा सरपंच मात्र नाही, महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला या निवडणुकीत मत नाही, ही गोष्ट बऱ्याच सरपंचांनाही माहीत नसते. म्हणजे विधानसभेला जो नगरसेवक तुमच्यासाठी पत्रकं वाटतो तोच इथे मतदार असतो आणि मग त्याचा भाव एकदम वाढतो. मतदार काही शे, मतदान गुप्त, म्हणून मतदानाआधी सगळ्यांना "सहलीला" नेतात ते काही निसर्ग बघायला नाही. आणि २०२२ पासून महापालिका-झेडपीच्या निवडणुका रखडल्या तेव्हा मतदारच उरले नाहीत, त्यामुळे या जागा मुदत संपेल तशा रिकाम्या पडत गेल्या.

आमदार मतदान करतात त्या ३० जागांत पसंतीक्रमाची मतं (उमेदवारांपुढे १, २, ३ असे आकडे टाकायचे) आणि कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी ठरावीक मतं. जुलै २०२४ ला ११ जागा होत्या, उमेदवार १२, आणि निवडून यायला २३ मतं पुरेशी होती. तेवीस! पण ती तेवीस पक्षाच्या हातात असतात, तुमच्या नाही. राज्यसभेला आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते, परिषदेला गुप्त मतदान, म्हणून कुणाची मतं फुटली यावर नंतर आठवडाभर चर्चा चालते.

माझ्या मते दोन्ही रस्ते कळायला नागपूर बघावं. देवेंद्र फडणवीस १९९२ ला नगरसेवक, १९९७ ला महापौर, १९९९ ला थेट विधानसभा. प्रवीण दटके पण महापौर होते, ते २०२० ला बिनविरोध परिषदेवर गेले (त्याच बॅचमध्ये उद्धव ठाकरेही होते, मुख्यमंत्री झाल्यावर सहा महिन्यांत कुठल्यातरी सभागृहात यावंच लागतं म्हणून) आणि २०२४ ला दटके विधानसभेवर निवडून आले. दोन्ही सभागृहांत एकदम राहता येत नाही, त्यामुळे त्यांची परिषदेची जागा सुटली. अशा पाच जागा सुटल्या, मार्च २०२५ ला पोटनिवडणूक, पाचही बिनविरोध, आणि त्यातले एक संदीप जोशी, तेही नागपूरचे माजी महापौर, जे २०२० ला पदवीधरमध्ये पडले होते.

पडलेल्यांना परिषदेवर घेतलं की पेपरवाले "पुनर्वसन" म्हणतात आणि "मागच्या दाराने" हे तर ठरलेलंच. मला हे थोडं अन्यायाचं वाटतं. मनोहर जोशी नगरसेवक झाल्यावर १९७२ पासून बरीच वर्षं परिषदेतच होते, मधे मुंबईचे महापौर झाले, विधानसभेत आले ते १९९० ला आणि १९९५ ला मुख्यमंत्री. उलटं उदाहरण राम शिंदे, २०१९ ला कर्जत-जामखेडमधून पडले, २०२२ ला परिषद, २०२४ ला परत तिथूनच पडले पण परिषदेची मुदत चालूच होती, आणि डिसेंबर २०२४ ला थेट परिषदेचे सभापती. आता याला पुनर्वसन म्हणायचं का बढती तुम्हीच ठरवा.

अधिकारात मात्र फरक आहेच, तो नाकारून चालणार नाही. सरकार पाडायचा अविश्वास ठराव फक्त विधानसभेत. राष्ट्रपतीच्या आणि राज्यसभेच्या निवडणुकीत मत फक्त विधानसभेच्या आमदाराला. धन विधेयक (कर आणि सरकारी खर्चाचं) परिषद १४ दिवसांपेक्षा जास्त अडवू शकत नाही, साधं विधेयक पहिल्यांदा तीन महिने आणि विधानसभेने परत पाठवलं तर अजून एक महिना, बस. पण मंत्री दोघंही होऊ शकतात, प्रश्न आणि लक्षवेधी दोघंही मांडतात, आणि तुमच्या रस्त्याचं किंवा बदलीचं पत्र परिषदेच्या आमदाराच्या लेटरहेडवर असलं म्हणून कलेक्टर ऑफिसात कुणी बाजूला ठेवत नाही. नावावरून ओळखू येत नसेल तर बातमीत बघा, "अध्यक्ष महोदय" म्हणत असतील तर विधानसभा, "सभापती महोदय" म्हणत असतील तर परिषद.