खाडीपलीकडचा स्विच आणि पायथनची स्क्रिप्ट

दापोलीहून गुहागरला जायचं म्हणजे दाभोळ-धोपावे जंगलजेटी (खाडी ओलांडणारी फेरीबोट), नाहीतर चिपळूणवरून मोठा वळसा. आता समजा एखाद्या पतसंस्थेचं मुख्य ऑफिस दापोलीत आहे आणि गुहागरच्या शाखेत 48 पोर्टचा नेटवर्क स्विच आहे (कॉम्प्युटर, कॅमेरे यांच्या वायरी एकत्र जोडणारा डबा), नवे कॅमेरे लागलेत, त्यांचे पोर्ट वेगळ्या व्हीलॅनमध्ये (VLAN) टाकायचेत, म्हणजे वायर त्याच स्विचला पण कॅमेऱ्यांचं ट्रॅफिक काउंटरच्या कॉम्प्युटरपासून अलग. व्हीलॅन नंबर 12 बिटचा असतो म्हणून 4096 आकडे होतात, त्यातले पहिला आणि शेवटचा राखीव, बाकी 4094 आपले.

हे दापोलीत बसून हाताने टाईप करता येतंच, पण विसाव्या पोर्टला व्हीलॅन 30 च्या जागी 20 पडलं तर कोणाच्या लक्षात येणार? त्यापेक्षा पोर्ट, व्हीलॅन, डिस्क्रिप्शन अशी एक्सेल शीट करून सीएसव्हीमध्ये, म्हणजे साध्या टेक्स्ट फाईलमध्ये, सेव्ह करायची, पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली छोटी स्क्रिप्ट ती एकेक ओळ वाचते आणि नेटमिको ही फुकट मिळणारी लायब्ररी एसएसएचने, म्हणजे दुरून सुरक्षितपणे, स्विचवर लॉगिन करून कमांड पाठवते.

पण वेग ही यातली मोठी गोष्ट नाहीच, असं माझं ठाम मत आहे. खरी भीती अपलिंकची, म्हणजे स्विचला बाहेरच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या पोर्टची. ज्या ट्रंक पोर्टवरून (अनेक व्हीलॅन वाहणाऱ्या) तुम्ही आत आलात तोच चुकून अ‍ॅक्सेस, म्हणजे एकाच व्हीलॅनचा, केला की कनेक्शन गेलं, मग पकडा जंगलजेटी! म्हणून स्क्रिप्टने आधी प्रत्येक पोर्टची स्थिती वाचावी, ट्रंक दिसला की सोडून द्यावा, मगच हात लावावा.

सिस्को कंपनीच्या स्विचवर अजून एक सोय आहे. आधीचं सगळं सेव्ह करून 'रिलोड इन 10' (दहा मिनिटांनी रीस्टार्ट हो) द्यायचं, मग बदल करायचे. बदल रनिंग कॉन्फिगमध्ये म्हणजे रॅममध्ये असतात, त्यामुळे कनेक्शन तुटलं तरी दहा मिनिटांनी स्विच रीस्टार्ट होऊन आधी सेव्ह केलेल्या जुन्या स्टार्टअप कॉन्फिगवर येतो. सगळं ठीक असेल तर स्क्रिप्टनेच रिलोड कॅन्सल करायचा. ज्युनिपर या दुसऱ्या कंपनीच्या स्विचवरचं 'कमिट कन्फर्म्ड' मला जास्त आवडतं, तिथे वेळेत पुन्हा पक्कं केलं नाही तर रीस्टार्ट न होताच बदल मागे फिरतात.

आणि शेवटी सेव्हची कमांड हवीच हवी, कारण पावसात लाईट गेली, यूपीएसही बसला की सेव्ह न केलेलं सगळं पुसलं जातं. पासवर्ड फाईलमध्ये लिहू नका, पायथनची गेटपास (getpass) ही तयार सोय तो स्क्रिप्ट चालवताना विचारून घेते.