शंभरीतले शिंपले, पिल्लू मात्र एकही नाही

युरोपातल्या काही थंड नद्यांच्या तळाशी शंभरी ओलांडलेले शिंपले आजही जिवंत आहेत. वरून पाहिलं तर सगळं आलबेल वाटतं. खडी उकरली की मात्र कित्येक ठिकाणी एकही कोवळा शिंपला हाती लागत नाही. नुसती डोकी मोजणाऱ्याला हे वर्षानुवर्षं कळतही नाही, कारण म्हातारे मरायलाच इतका वेळ घेतात!

हा गोड्या पाण्यातला मोत्याचा शिंपला. मोत्यांपायी त्याची बेसुमार लूट झाली. ब्रिटनमध्ये 1998 साली तिच्यावर कायद्याने पूर्ण बंदी आली. माझ्या मते मोती ही त्याची सगळ्यात किरकोळ देणगी. एक मोठा शिंपला दिवसाला 50 लिटरपर्यंत पाणी गाळू शकतो. असे हजारो शेजारी-शेजारी बसले की नदीला फुकटची गाळणी मिळते.

त्याची वीण मात्र विलक्षण. मादी एका उन्हाळ्यात लाखो डिंभ, म्हणजे अगदी पहिल्या अवस्थेतली पिल्लं, पाण्यात सोडते. प्रत्येक डिंभ मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान. थोड्याच अवधीत अटलांटिक सॅमन किंवा ट्राउट माशाच्या कल्ल्याला चिकटता आलं तर ठीक, नाहीतर मरण. इतर मासे त्याला चालत नाहीत. कल्ल्यावर हिवाळा काढून तो गळून पडतो आणि पुढची पाचेक वर्षं खडीत गाडून घेऊन वाढतो. जागेवरून फारसं न हलणाऱ्या या जिवाला प्रवाहाविरुद्ध वर जायचं तर माशाखेरीज दुसरं वाहन नाही.

आता हा सॅमन वाढायला समुद्रात जातो, पार ग्रीनलंडच्या बाजूपर्यंत, आणि अंडी घालायला नदीत परततो. वाटेत धरण आलं, समुद्रात त्याची उपासमार झाली, की इकडे डोंगरातल्या ओढ्यात शिंपल्याचा पाळणा रिकामा. मासा आला तरी शेतांतून वाहून आलेला गाळ खडीच्या फटी बुजवतो आणि आतलं पिल्लू प्राणवायूवाचून गुदमरतं. म्हातारे खडीतून वर डोकावत असल्याने निभावून जातात.

म्हणूनच नुसत्या बंदीने भागत नाही. काही देशांत पाळलेल्या माशांच्या कल्ल्यांवर डिंभ चढवून शिंपले वाढवले जातात. पण गाळ तसाच राहिला तर नदीत सोडलेली ती पिल्लंही गुदमरणारच. त्यामुळे आधी काठावर झाडं लावून शेतातली माती अडवावी लागते. एवढं सगळं जमलं, तरी नव्या शिंपल्याला वयात यायला साधारण 10 ते 15 वर्षं लागतात. तोवर म्हाताऱ्यांनी तग धरायला हवा.