लुइझियानाच्या बायूत तंबू ठोकायचा असेल तर: परवाने, कागदपत्रं आणि महिन्यांचं गणित

ह्यूस्टनहून आय-10 धरून पूर्वेला निघालं की लाफायेट येतं आणि त्यापुढे बॅटन रूजच्या वाटेवर दलदलीवरून जाणारा 18 मैलांचा पूल लागतो. पुलाखाली पसरलंय ते अचाफलाया खोरं, अमेरिकेतली सगळ्यात मोठी नदीकाठची दलदल. टेक्सासमधली मराठी कुटुंबं लाँग वीकेंडला इकडे वळतात आणि त्यातली बरीचशी तंबू न ठोकताच लाफायेटच्या मोटेलात रात्र काढून परततात. अवघड वाटेमुळे असं होत नाही. कागद अपुरा पडतो, नाहीतर महिना चुकतो, आणि या दोन्ही गोष्टी घरी बसून आधी तपासता येतात.

सगळ्यात मोठा घोळ जमिनीच्या मालकीचा. नकाशावर हे सगळं एकसंध हिरवंगार दिसतं, म्हणून लोक समजतात की एक परवाना काढला की झालं. प्रत्यक्षात एकाच बायूच्या, म्हणजे दलदलीतल्या संथ पाणवाटेच्या, दोन काठांचे मालक वेगळे असू शकतात. स्टेट पार्क राज्याच्या सांस्कृतिक-पर्यटन खात्याकडे. वाइल्डलाइफ मॅनेजमेंट एरिया, म्हणजे सगळे ज्याला नुसतं डब्ल्यूएमए म्हणतात ते, राज्याच्याच पण वेगळ्या खात्याकडे: वाइल्डलाइफ अँड फिशरीज. इंडियन बायू नावाचा भाग लष्कराच्या कोअर ऑफ इंजिनिअर्सकडे आणि तिथले परवाने निराळे. शेरबर्न या डब्ल्यूएमएच्या परिसरात राज्याची, कोअरची आणि केंद्राच्या अभयारण्याची जमीन एकमेकींत गुंतलेली आहे. या सगळ्यांच्या मधे खासगी जमीन. लुइझियानात पाणवाटेचा तळसुद्धा खासगी मालकीचा असू शकतो, त्यामुळे ‘पाणी सगळ्यांचं’ हा आपला समज इथे चालत नाही. पाटी लावलेली नाही म्हणजे जागा मोकळी, हेही धरून चालू नका. टेक्सासच्या बाजूला, कॅडो लेककडे गेलात तर झाडाच्या खोडावर जांभळ्या रंगाचा उभा पट्टा दिसेल. कायद्याने त्याचा अर्थ ‘आत येऊ नका’ असाच आहे.

तेव्हा पहिलं काम परवाना काढण्याचं नाही. आधी जागा नक्की करा, मग तिचा मालक शोधा, आणि परवान्याचं त्यानंतर बघा.

पहिल्यांदा जात असाल आणि बरोबर मुलं असतील तर सरळ स्टेट पार्क घ्या. खोऱ्याच्या पश्चिम बांधालगत लेक फॉस पॉइंट आहे, उत्तरेला व्हिल प्लॅटजवळ सायप्रसच्या झाडांनी भरलेलं चिकोट आहे. ऑनलाइन किंवा फोनवर बुकिंग, कार्डाने पैसे, दारात ओळखपत्र. यात विशेष काही नाही. एवढंच पाहा की गटातलं जे माणूस नक्की येणार आहे त्याच्याच नावावर बुकिंग असू द्या. मित्राने सगळ्यांसाठी जागा घेतली आणि ऐन वेळी तोच आला नाही, की दारातल्या माणसाशी वाद घालण्यात संध्याकाळ जाते. आणखी एक: टेक्सासच्या पार्कांत मुक्कामाची जागा 5 महिने आधीपर्यंत घेता येते. तीच मुदत डोक्यात ठेवून लोक लुइझियानाच्या बुकिंगची वाट बघत बसतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचे शनिवार हातचे जातात. दोन्ही राज्यांचे नियम वेगळे आहेत. ज्या पार्कात जायचंय त्याचंच पान उघडून तारखा बघा.

खरी अडचण डब्ल्यूएमएत येते. इथे बुकिंग नाही, जो आधी पोचेल त्याची जागा. आणि इथे परवाने दोन लागतात, हे खात्याने इतक्या अडनिड्या पद्धतीने लिहिलंय की बहुतेक जण एकच घेऊन येतात. पहिला अ‍ॅक्सेस परमिट. 18 वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येकाला तो लागतो, शिकार करा वा न करा. वर्षाचा 20 डॉलर, पाच दिवसांचा 5 डॉलर. दुसरा सेल्फ-क्लिअरिंग परमिट. याला पैसे पडत नाहीत, पण आत शिरताना ‘आलो’ आणि बाहेर पडताना ‘गेलो’ अशी नोंद करावी लागते. खात्याच्या अ‍ॅपवर किंवा वाटेवरच्या पेटीतलं कार्ड भरून. अ‍ॅक्सेस परमिट फोनमध्ये आहे म्हणून पेटीपुढून तसेच गाडी हाकणारे पुष्कळ, आणि कार्ड भरलं म्हणून 5 डॉलर वाचवणारेही पुष्कळ. दोघांनाही दंड बसू शकतो.

सेल्फ-क्लिअरिंग माणशी असतो, गाडीमागे नाही. तीन दिवसांच्या मुक्कामात मधेच दुसऱ्या दिवशी बर्फ किंवा पेट्रोल आणायला बाहेर गेलात, तर परत शिरताना नवी नोंद करा. ‘गेलो’ची नोंद तर सर्रास राहते, कारण तोवर सगळे घामाघूम, मुलं झोपलेली आणि गाडी हमरस्त्याला लागलेली. अ‍ॅप घरच्या वायफायवर उतरवून नाव-पत्ता भरून ठेवा. शेरबर्नला जायला आय-10 वरून व्हिस्की बेच्या एक्झिटला, 127 नंबरला उतरलात की पुढच्या खडीच्या रस्त्यावर सिग्नलचा भरवसा धरू नका. अ‍ॅप अडलंच तर कार्ड आहे. फक्त गाडीत बॉलपेन ठेवा, पेटीतलं पेन कोणीतरी नेलेलं असतं.

डब्ल्यूएमएत तंबू ठरवून दिलेल्या जागीच, सलग जास्तीत जास्त 16 दिवस. तंबू रिकामा असला तरी दिवस मोजले जातात, आणि 16 दिवसांनंतर निदान 48 तास तो तिथून हलवावा लागतो. वीकेंडवाल्यांना याची झळ लागत नाही. नळाचं पाणी मिळेल असं गृहीत धरू नका. माणशी दिवसाला चार लिटर घरून न्या.

आता तो कागद, जो आपल्याकडे कोणाजवळच नसतो. उन्हाळ्यात किंवा दिवाळीनंतर भारतातून आलेले आईबाबा बरोबर असतात. मासेमारीच्या लायसन्सचा फॉर्म भरायला घेतला की सोशल सिक्युरिटी नंबरचा रकाना येतो आणि सगळं तिथेच थांबतं. गळ टाकण्याचा आणि सोशल सिक्युरिटीचा काय संबंध, असं वाटणं साहजिक आहे. मुलांच्या पोटगीची थकबाकी वसूल करण्यासाठी केलेल्या केंद्रीय कायद्याने राज्यांना करमणुकीच्या लायसन्सवरही हा नंबर नोंदवायला लावलंय. पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाकडे तो नंबर असतच नाही, इथलं ड्रायव्हिंग लायसन्सही नसतं. कृपा करून अंदाजे आकडे टाकू नका आणि स्वतःचा नंबर आईच्या नावावर घालू नका. ती सरळ खोटी माहिती होते. निघण्याच्या निदान आठवडाभर आधी, पासपोर्ट समोर ठेवून, कामाच्या वेळेत लायसन्स विभागाला फोन करा आणि त्यांच्याकडूनच नोंद करून घ्या. शुक्रवारी रात्री अकराला वेबसाइटशी झगडून हा प्रश्न सुटत नाही. आईबाबांना नुसतं काठावर बसायचं असेल तर मासेमारीचं लायसन्स लागत नाही, पण डब्ल्यूएमए असेल तर अ‍ॅक्सेस परमिट त्यांनाही हवाच. आणि गळ कोणी धरायचा हे आधी ठरवा. 18 वर्षांवरचं माणूस ‘फक्त फोटोपुरता’ गळ हातात घेतं आणि रेंजरला ते मासे मारणंच दिसतं.

टेक्सासचं फिशिंग लायसन्स इथे चालत नाही. तुम्ही टेक्सासला राहता, म्हणजे लुइझियानात तुम्ही परराज्यातले, आणि दरही त्याप्रमाणे.

होडीचंही असंच. 1 जानेवारी 1984 नंतर जन्मलेल्या कोणालाही 10 हॉर्सपॉवरपेक्षा मोठ्या इंजिनाची होडी चालवायला लुइझियानात बोटिंगचा कोर्स केल्याचं कार्ड लागतं. टेक्सासची अट वेगळी आहे: तिथे 1 सप्टेंबर 1993 किंवा त्यानंतरचा जन्म आणि 15 हॉर्सपॉवरपुढे. त्यामुळे 1987 साली जन्मलेला माणूस टेक्सासात वर्षानुवर्षं बिनधास्त होडी चालवतो आणि सीमेपलीकडे धक्क्यावरच अडतो. कोर्स ऑनलाइन होतो, पण त्याला काही तास द्यावे लागतात. गाडीतून जाता जाता उरकण्यासारखा नाही. नुसतं वल्हवणार असाल तर कार्ड नको. लाइफ जॅकेट मात्र प्रत्येकाला हवं, आणि 26 फुटांखालच्या चालत्या होडीत 16 वर्षांपर्यंतच्या मुलांनी ते अंगात घातलेलंच पाहिजे. ‘आहे, पण खाली ठेवलंय’ हे चालत नाही.

महिन्यांकडे वळू. कोकणात पाऊस येतो, जातो, आणि उरलेलं वर्ष अंदाज बांधता येतो. दक्षिण लुइझियानात वर्षाला साधारण 60 इंच पाऊस पडतो आणि तो बाराही महिने विखुरलेला असतो. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे खोऱ्यातलं पाणी इथल्या पावसावर ठरत नाही. ओल्ड रिव्हर इथल्या दरवाज्यांतून मिसिसिपी आणि रेड या नद्यांच्या एकत्रित पाण्यापैकी 30 टक्के अचाफलायात सोडलं जातं. उत्तरेतलं बर्फ वितळलं, ओहायोच्या खोऱ्यात पाऊस झाला, की ते पाणी इथे यायला काही आठवडे लागतात. म्हणून एप्रिलमधल्या निरभ्र शनिवारी, आठवडाभर थेंब पडलेला नसताना, तंबूची जागा पाण्याखाली असते आणि माणूस चक्रावतो. मार्च ते जून हा चढत्या पाण्याचा काळ. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या नदी-पातळीच्या पानावर ‘ब्यूट ला रोज’ या ठिकाणचा गेज, म्हणजे पाण्याच्या पातळीची नोंद, बघा. आजच्या आकड्यापेक्षा रेषा चढतेय की उतरतेय हे महत्त्वाचं. चढत असेल तर पुढचा पंधरवडा विसरा. पाणी वाढलं की डब्ल्यूएमएचे रस्ते आणि भाग बंद होतात. ती सूचना खात्याच्या पानावर येते, तुमच्या ईमेलवर नाही.

जून ते 30 नोव्हेंबर वादळांचा हंगाम. त्यातही ऑगस्टचा उत्तरार्ध आणि सप्टेंबर सगळ्यात वाईट: कॅटरिना आणि आयडा दोन्ही 29 ऑगस्टला आदळल्या, 2005 आणि 2021 साली. वादळानंतर पार्कांत विस्थापितांना आणि वीज दुरुस्त करणाऱ्यांना जागा द्यावी लागते, तेव्हा तुमचं बुकिंग रद्द झालं तर चिडू नका. जुलैत वादळ नसलं तरी रात्रीही पारा फारसा खाली उतरत नाही आणि हवा इतकी दमट असते की तंबूच्या आतूनच पाणी गळतं. लहान मुलांना आणि वयस्करांना त्यात नेणं बरं नव्हे.

उरतो मधला ऑक्टोबर ते नोव्हेंबरअखेर. पाणी खाली, डास कमी, रात्री गार. पण हाच हरणांच्या शिकारीचा काळ. डब्ल्यूएमएत जाणार असाल तर खात्याच्या त्या वर्षीच्या पुस्तिकेत बंदुकीच्या शिकारीचे दिवस बघा आणि शक्यतो टाळा. जायचंच असेल तर सगळ्यांच्या अंगावर भडक नारिंगी जाकीट हवं. शिकारीचा आवाज नको असेल तर या दिवसांत पार्कच बरं. फेब्रुवारीचा उत्तरार्धही चांगला असतो, गेजकडे लक्ष ठेवलं तर.

शेकोटीबद्दल लोक विचारतच नाहीत, एवढ्या ओल्या प्रदेशात बंदी कशी असेल असं वाटतं. ऑगस्ट 2023 मध्ये दुष्काळामुळे राज्यभर आग पेटवण्यावर बंदी होती आणि त्याच महिन्यात टायगर आयलंडची आग राज्याच्या इतिहासातली सगळ्यात मोठी ठरली. निघण्याच्या आदल्या दिवशी बंदी आहे का ते बघा. सरपण टेक्सासहून नेऊ नका, त्यातून झाडं पोखरणारे किडे पसरतात. तिथलंच विकत घ्या.

ठरवून दिलेल्या आवारात पोचल्यावरही जागा निवडायची असतेच. बायूचा काठ म्हणजे सखल, असं आपल्याला वाटतं. इथे उलटं आहे. पूर येतो तेव्हा नदी गाळ आधी काठावर टाकते, म्हणून काठच उंच असतो आणि मागे जावं तसतशी जमीन खाली उतरते. ओक दिसले तर जमीन उंच, सायप्रस आणि टुपेलो दिसले तर ती पाण्यात राहणारी. खोडांवर बघा: एका रेषेपर्यंत साल चिखलाने राखाडी आणि त्यावर हिरवं शेवाळ असेल, तर ती गेल्या पुराची पातळी. जमिनीवर बोटभर ते वीतभर उंचीच्या, ओल्या मातीच्या गोळ्या एकावर एक रचलेल्या, धुराड्यासारख्या पोकळ नळ्या दिसल्या तर त्या क्रॉफिशच्या, म्हणजे गोड्या पाण्यातल्या झिंग्यासारख्या प्राण्याच्या. पाणी तिथे जमिनीखाली थोड्याच अंतरावर आहे. आणि सगळ्यात उंच, कोरडा, भुसभुशीत उंचवटा मिळाला तर त्यावर आधी काठी टोचा. पुराच्या दिवसांत लाल मुंग्यांनाही तीच जागा हवी असते. काठाला अगदी लागून तंबू नको, मगरी असतात. त्यांना काही खायला घालू नका, आणि खरकटं पाण्यात टाकणं म्हणजे तेच.

कागद झिपच्या पिशवीत, दोन प्रतींत: ओळखपत्र, अ‍ॅक्सेस परमिट, होडीचं कार्ड, पार्कचं बुकिंग, आणि नागरिक नसलेल्या प्रौढांसाठी पासपोर्ट व आय-94 (देशात शिरल्याची नोंद) किंवा ग्रीन कार्ड, कारण नोंदणीचा पुरावा जवळ बाळगणं त्यांना कायद्यानेच बंधनकारक आहे. फोन दमट हवेत आणि सिग्नलच्या शोधात लवकर मरतो, म्हणून परमिटची छापील प्रत हवीच. गुरुवारी रात्री ‘ब्यूट ला रोज’चा गेज पुन्हा एकदा उघडा. रेषा वर वळली असेल तर पार्कला फोन करून तारीख बदलता येते का विचारा, आणि गाडी भरायची ती त्यानंतर.