लेकीचं मूल राखणदार: वार्लपिरी नात्यागोत्यांची पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी, तानामी वाळवंटात वार्लपिरी लोकांचा मुलूख आहे. इथल्या मुलाचा 'स्किन' गट, म्हणजे नातं आणि सोयरीक ठरवणारा गट, त्याच्या जन्माआधीच ठरलेला असतो. कातडीच्या रंगाशी या शब्दाचा काही संबंध नाही. असे ८ गट, आणि प्रत्येकाची दोन नावं: पुरुषाचं 'ज'ने सुरू होतं, बाईचं 'न'ने.

आपल्याकडचं गोत्र बापाकडून मुलाकडे तसंच जातं. इथे गट दर पिढीला बदलतो. जापालजारी पुरुषाचं रीतीचं लग्न नाकामारा बाईशी. त्यांचे मुलगे जुंगारायी, मुली नुंगारायी. जुंगारायीने रीतीप्रमाणे नांगाला बाईशी लग्न केलं की मुलगा पुन्हा जापालजारी, म्हणजे नातू आजोबांच्या गटात परत. आईकडून मोजलं तर फेरा लांब: नाकामारा, लेक नुंगारायी, नात नाम्पिजिन्पा, पणती नापानांग्का, आणि तिची मुलगी पुन्हा नाकामारा.

ही घडी अनादि काळापासून अशीच बसलेली नाही. बाल्डविन स्पेन्सर आणि फ्रँक गिलेन हे मानववंश अभ्यासक १८९०च्या दशकात शेजारच्या अरांडा लोकांची माहिती घेत होते, तेव्हा उत्तरेकडच्या अरांडांत ८ गटनावं होती, दक्षिणेकडे ४च. नावं उत्तरेकडून खाली सरकत होती.

परंपरा टिकण्याची खरी मेख मात्र किर्दा आणि कुर्दुंगुर्लू या जोडीत आहे. पूर्वजांचे प्रवास, त्यांची गाणी, नक्ष्या आणि जागा मिळून जुकुरपा. वडिलांच्या जुकुरपाचे तुम्ही किर्दा, म्हणजे धनी. आजोळच्या जुकुरपाचे कुर्दुंगुर्लू, म्हणजे राखणदार. विधीत किर्दा नाचतो. त्याचं अंग रंगवणं, जागा तयार करणं, सगळं नीट चाललंय ना हे पाहणं लेकीच्या मुलाकडे. नक्षीतली रेघ चुकली, गाण्याचा क्रम हुकला, तर चूक दाखवायची त्यानेच. त्याच्याशिवाय धन्याने एकट्याने विधी उरकायचा नसतो. प्रत्येक माणूस एका घरी धनी आणि दुसऱ्या घरी राखणदार असल्यामुळे शिकण्याची वाटही दुहेरी होते. आजोळ तुटलं की अर्धं ज्ञान तुटलं.

१९२८च्या कॉनिस्टन हत्याकांडात पोलिसाच्या नेतृत्वाखालच्या टोळीने इथली माणसं मारली, उरलेली विखुरली. १९४६ साली वार्लपिरी मुलखातल्या युएंडुमू इथे शिधावाटपाचं ठाणं झालं आणि दूरदूरच्या जागांची कुटुंबं तिथे एकत्र आली. जागेवर चालत जाऊन जे शिकवायचं, ते दुरून शिकवणं आलं. म्हणून १९८३-८४च्या सुमारास तिथल्या वडीलधाऱ्यांनी शाळेच्या ३० दारांवर जुकुरपा रंगवले. मुलं रोज ज्या इमारतीत जातात, तिथेच ते दिसावेत, हा हेतू.

कागदपत्रांचा घोळ वेगळाच. अर्जात आडनावाच्या रकान्यात गटाचं नाव भरलं की ते बापाकडून मुलाला चिकटतं. मुलगा जुंगारायी, पण कागदावर जापालजारी. त्या कागदावर विसंबून सोयरीक शोधली, तर बायको नाकामारा निघते, म्हणजे त्याच्या आईचाच गट.