आर्मबार आणि किमुरा कसे लागतात, का सुटतात

सातारा-सांगलीची कुस्ती पाठ टेकवण्यावर उभी आहे. खाशाबा जाधवांचं गोळेश्वर असो की कुंडलचं मैदान, पठ्ठ्याच्या अंगात एकच गोष्ट मुरलेली असते: चीत व्हायचं नाही. म्हणून खाली गेला की तो पोटावर वळतो, नाहीतर वरच्याला ताठ हातांनी रेटतो. ज्युडो किंवा जिउ-जित्सूच्या (जमिनीवर सांधे आणि गळा पकडण्याची कुस्ती) मॅटवर याच दोन सवयी महागात पडतात. पाठ दिली की गळा सापडतो, हात ताठ केला की कोपर. हात सरळ ताणून कोपरावर लागतो तो आर्मबार, वाकलेला हात फिरवून खांद्यावर लागतो तो किमुरा.

कोपर हा बिजागरीचा सांधा. हात पूर्ण सरळ झाला की कोपराचं टोक दंडाच्या हाडामागच्या खाचेत अडतं. त्यापुढे रेटलं की सांध्याचं पुढचं आवरण आणि आतल्या बाजूचा अस्थिबंध ताणला जातो. मनगट कोपरापासून साधारण २५ सेंटिमीटर लांब, तर हे बंध सांध्याच्या आसापासून जेमतेम ३ सेंटिमीटरवर. ढोबळ हिशेबानं मनगटावर २० किलोची ओढ दिली, तर आत दीडशे किलोहून जास्त ताण येतो. दंडाचे स्नायू त्यातला वाटा उचलतात, पण समोर कंबर, नितंब आणि पाठ एकत्र लागलेली असताना ते किती पुरणार?

आर्मबार लावताना बूड समोरच्याच्या खांद्याला भिडवून बसा. मध्ये मुठीपेक्षा जास्त जागा नको. एक पाय चेहऱ्यावरून, दुसरा छातीवरून. दोन्ही गुडघे त्याच्या दंडावर आवळा. मनगट आपल्या छातीशी धरा, त्याचा अंगठा आढ्याकडे. आधी हातातली सगळी ढील काढा, मग कंबर सावकाश उचला. टेकू कोपराच्या किंचित वर, दंडाखाली यायला हवा. बूड लांब राहिलं तर टेकू पुढच्या हाताखाली जातो आणि कोपर निसटतं. तालमीतली ताकदवान पोरं इथंच चुकतात: कंबर सोडून नुसत्या हातांनी ओढतात. दुसरी गडबड अंगठ्याची. समोरच्यानं खांद्यातून हात फिरवून अंगठा जमिनीकडे नेला, की कोपर जिकडं सहज वळतं त्याच बाजूला आपला जोर पडतो.

किमुरा खांद्यावर लागतो. समोरच्याचं कोपर काटकोनात. एका हातानं त्याचं मनगट धरायचं, दुसरा हात त्याच्या दंडाभोवती घालून स्वतःचंच मनगट पकडायचं. मग त्याचा पंजा पाठीकडे, वर न्यायचा. वाकलेला हात दांड्यासारखा चालतो आणि दंडाचं हाड खोबणीत आत फिरतं. काटकोन उघडला की फिरवायला दांडाच उरत नाही. म्हणूनच खालचा माणूस हात सरळ करतो किंवा स्वतःची चड्डी घट्ट धरतो. जपानी ज्युडोपटू मासाहिको किमुरा यांनी २३ ऑक्टोबर १९५१ रोजी रिओत ब्राझीलचे जिउ-जित्सूपटू एलिओ ग्रेसी यांचा हात याच डावानं मोडला, आणि डावाला त्यांचं नाव पडलं.

पायाचे लॉक (सांधा अडकवून ताणणारे किंवा पिळणारे डाव) नवशिक्यांनी टाळावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. हील हूकमध्ये टाच पिळली जाते, पण फाटतात ते गुडघ्यातले बंध, आणि तिथं पुरेशी कळ येण्याआधीच नुकसान झालेलं असतं. ज्युडोत लॉक फक्त कोपरावर चालतो. आंतरराष्ट्रीय ब्राझिलियन जिउ-जित्सू महासंघानंही हील हूकला परवानगी दिली ती २०२१ साली, तीही गी (जाड सुती पोशाख) नसलेल्या प्रकारात, प्रौढ ब्राउन आणि ब्लॅक बेल्टवाल्यांपुरती, म्हणजे वरच्या दोन पट्ट्यांपुरती.

सरावात ढील संपली की थांबा आणि समोरच्याला टॅप करायला, म्हणजे थाप मारून हार मानायला, वेळ द्या. कोपरात ‘कट्’ आवाज आला तर चोळू नका, हाड बसवणाऱ्याकडे ओढायला देऊ नका. हात आहे तसा झोळीत बांधा, कापडात गुंडाळून बर्फ लावा, एक्स-रे काढा. करंगळीला मुंग्या आल्या, बोटं गार पडली किंवा कोपराचा आकार बदललेला दिसला, तर सकाळची वाट न पाहता थेट हाडांच्या डॉक्टरकडे.