पत्रा कडक होतो कधी? पिकअपची बॉडी, स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम

फोर्डने २०१५ च्या एफ-१५० या पिकअपला ॲल्युमिनियमची बॉडी दिली आणि अमेरिकेतल्या पिकअपवाल्यांमध्ये वादाला तोंड फुटलं. पुढे नोव्हेंबर २०१९ मध्ये टेस्लाने बिनरंगाच्या स्टेनलेस स्टीलचा सायबरट्रक दाखवला, तेव्हा तर त्याला उधाण आलं. वाद घालणारे बहुतेक वेळा एकच विचारतात: यातला मजबूत धातू कोणता? मला हा प्रश्नच अपुरा वाटतो. पत्र्याला कडकपणा आकार देण्याआधी येतो की नंतर, हे विचारलं तर दोन्ही गाड्या अशा का दिसतात आणि त्यांची वजनं इतकी वेगळी का, हे पटकन उलगडतं.

आधी वजनाचा हिशेब. स्टीलची घनता पाण्याच्या सुमारे ७.९ पट, ॲल्युमिनियमची २.७ पट. पण ॲल्युमिनियमचा ताठपणाही स्टीलच्या साधारण एक-तृतीयांशच असतो. म्हणजे कमावलेलं सगळं गमावलं, असं वाटेल. तसं होत नाही, कारण सपाट पत्रा वाकायला किती विरोध करतो हे जाडीच्या घनावर ठरतं. जाडी दुप्पट केली की विरोध आठपट. ०.८ मिलिमीटर जाडीच्या स्टीलच्या पत्र्याइतका ताठपणा ॲल्युमिनियममधून हवा असेल, तर जाडी तिप्पट करावी लागत नाही, १.१ मिलिमीटरच्या थोडं वर गेलं की भागतं. एक चौरस मीटरचा स्टीलचा तुकडा ६.३ किलोचा, तर तेवढ्याच ताठपणाचा ॲल्युमिनियमचा तुकडा जेमतेम ३.१ किलोचा. निम्मं वजन! एफ-१५० चं वजन आधीच्या मॉडेलपेक्षा ३१८ किलोपर्यंत घटलं, त्यात या घनाच्या नियमाचा मोठा वाटा आहे. चासी मात्र फोर्डने स्टीलचीच ठेवली. ओझं तीच पेलते. बॉडीच्या पत्र्याचं काम वेगळं आहे.

आता कडकपणाकडे येऊ. पोचा पडू नये यासाठी नुसता ताठपणा पुरत नाही. दाब निघून गेल्यावर पत्रा पूर्ववत व्हायला हवा, आणि ते धातू किती ताणाला कायमचा वाकतो यावर ठरतं. इथे स्टेनलेस सहज जिंकतं असा समज आहे, पण नरम अवस्थेतलं ३०४ जातीचं स्टेनलेस या बाबतीत गाड्यांमध्ये वापरल्या जाणाऱ्या चांगल्या ॲल्युमिनियम मिश्रधातूंच्या फारसं पुढे नसतं. सायबरट्रकचा पत्रा टणक आहे तो थंड अवस्थेत रोलरखाली दाबून पातळ केल्यामुळे. अशा दाबाने स्टेनलेसच्या स्फटिकांची रचना विस्कटते, काही भागात ती बदलूनच जाते आणि पत्रा कितीतरी पट कडक होतो.

अडचण इथूनच सुरू होते. पत्रा कारखान्यात पोचतो तोच कडक होऊन. त्याला प्रेसमध्ये दाबून चाकावरची गोलाई किंवा दाराचा फुगवटा द्यायला गेलं, तर तो एकतर फाटतो, नाहीतर दाब सुटताच उसळून मागे येतो. मग सरळ रेषेत घडी घालणं आणि सपाट पृष्ठभाग ठेवणं एवढाच मार्ग उरतो. सायबरट्रकचं ते कोनाकोनांचं रूप निव्वळ डिझाइनरच्या डोक्यातून आलेलं नाही. त्यात धातूचीही सक्ती आहे. आणि सपाट पत्रा गोलाई असलेल्या पत्र्यापेक्षा लवकर लवतो. तो लवू नये म्हणून जाडी वाढवायची, की वजन वाढलं. १.८ मिलिमीटरचा स्टेनलेस पत्रा घेतला तर एका चौरस मीटरला १४ किलोंहून जास्त भरतो. मघाच्या ॲल्युमिनियमच्या तुकड्याच्या साडेचारपट.

ॲल्युमिनियमची गोष्ट नेमकी उलटी. मॅग्नेशियम आणि सिलिकॉन असलेल्या मिश्रधातूचा पत्रा कारखान्यात येतो तेव्हा बऱ्यापैकी नरम असतो. प्रेसमध्ये तो हवा तो आकार घेतो. मग बॉडीला रंग लागतो, ती भट्टीतून जाते आणि साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअसला रंग पक्का होत असताना धातूच्या आत मॅग्नेशियम-सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. हे कण स्फटिकांचे थर एकमेकांवरून घसरू देत नाहीत आणि पत्रा कडक होतो. म्हणजे रंगाची भट्टी एका फेरीत दोन कामं करते. ॲल्युमिनियमचे काही मिश्रधातू असे नंतर कडक होतात हा शोध जर्मनीत आल्फ्रेड विल्मने १९०६ च्या सुमारास लावला (त्यामागे असे कण असतात हे पुढे कळलं) आणि विमानं त्यावरच उभी राहिली. मला तरी धातुशास्त्रातला हा सर्वांत देखणा शोध वाटतो.

गंजाबद्दल थोडक्यात. दोन्ही धातू स्वतःच्या ऑक्साइडचं पातळ कवच पांघरतात. स्टेनलेसमध्ये ते क्रोमियममुळे बनतं आणि त्यासाठी किमान १०.५ टक्के क्रोमियम लागतं. रस्त्यावरचा बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ या कवचाला भोकं पाडू शकतं, मग धातू कोणताही असो. खरा धोका मात्र सांध्यात असतो. ॲल्युमिनियम आणि स्टील एकमेकांना टेकले आणि मध्ये खारं पाणी साचलं, की छोटी बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजू लागतं. एफ-१५० च्या बॉडीच्या सांध्यांत रिव्हेट आणि चिकटद्रव्य यांची जोडी वापरली आहे, पण त्याचं मुख्य कारण वेगळं आहे. ॲल्युमिनियम वीज आणि उष्णता इतक्या झपाट्याने वाहून नेतं की नेहमीचं स्पॉट वेल्डिंग त्याला मानवत नाही. स्टेनलेसच्या सांध्यांचा प्रश्नही सोपा नाही. मार्च २०२५ मध्ये सायबरट्रकच्या सुमारे ४६,००० गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण छताच्या कडेची स्टेनलेस पट्टी ज्या चिकटद्रव्याने बसवली होती ते ठिसूळ होऊन पट्टी सुटू शकत होती. धातू शाबूत, सांधा निकामी.

दुरुस्तीत दोघांनाही दोष द्यावा लागेल. ॲल्युमिनियमच्या कामाला वेगळी अवजारं आणि वेगळी जागा लागते, कारण स्टीलची भुकटी त्यावर बसली की तिथून झीज सुरू होते. स्टेनलेसवर पोचा पडला तर पुट्टी भरून वर रंग मारायची सोयच नाही. १९८१ ते १९८३ दरम्यान बनलेल्या, बिनरंगाच्या स्टेनलेस बॉडीच्या डीलोरियन गाडीच्या मालकांना हे चांगलं ठाऊक आहे.

माझं मत सांगायचं तर केबिन, दारं आणि बॉनेट यांना ॲल्युमिनियमच योग्य. वाचलेल्या प्रत्येक किलोच्या बदल्यात पिकअप एक किलो माल जास्त उचलू शकते. हौद्याच्या तळाबद्दल मात्र मी इतकं ठाम बोलणार नाही. २०१६ मध्ये शेव्हरलेने जाहिरातीत आपल्या आणि फोर्डच्या पिकअपच्या हौद्यांत काँक्रीटचे ठोकळे ओतून दाखवले. फोर्डच्या ॲल्युमिनियमला भोकं पडली, शेव्हरलेच्या स्टीलवर मुख्यतः पोचे आले. जाहिरात प्रतिस्पर्ध्याची होती हे खरं, पण त्यामागचं विज्ञान खोटं नाही: टोकदार कोपरा आदळला की फाटण्याआधी बरंच ताणलं जाणारं स्टील तिथे उजवं ठरतं. त्याच शेव्हरलेने २०१९ च्या सिल्व्हरॅडो पिकअपला दारं, बॉनेट आणि मागचं फळकं ॲल्युमिनियमचं दिलं आणि हौदा स्टीलचाच ठेवला.