महिला विकास कक्ष आणि अंतर्गत समिती: मधली तिरकी रेघ पुसा

कॉलेजात विभागाच्या नोटीस बोर्डावर एक पाटी हमखास दिसते: ‘डब्ल्यूडीसी/आयसीसी’. म्हणजे महिला विकास कक्ष आणि लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणारी अंतर्गत समिती. खाली एकाच मॅडमचं नाव, एकच मोबाइल नंबर. त्या तिरक्या रेघेने जेवढा घोळ घातलाय, तेवढा कायद्याच्या क्लिष्ट भाषेनेही घातलेला नाही.

महिला विकास कक्ष सगळ्यांच्या ओळखीचा आहे. व्याख्यानं, स्वसंरक्षणाचे वर्ग, आठ मार्चचा कार्यक्रम, आणि नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या, अहवालासाठी त्या सगळ्याचे फोटो. आठ मार्चला पाककृती स्पर्धा भरवून अहवालात ‘लिंगसमभाव उपक्रम’ लिहिणाऱ्यांना मात्र हात जोडून नमस्कार. रात्री उशिरा सुटणाऱ्या प्रयोगशाळेच्या जिन्यात दिवा आहे का, अर्जात स्त्री-पुरुष सोडून तिसरा रकाना आहे का, हे बघणं कक्षाचं काम. असो.

अंतर्गत समिती येते कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यातून, आणि विद्यापीठं-महाविद्यालयांपुरती यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2015 च्या विनियमांतून. नाव ‘अंतर्गत समिती’ की ‘अंतर्गत तक्रार समिती’, यावर स्टाफरूममध्ये वाद घालू नका. 2016 च्या दुरुस्तीत कायद्यातून ‘तक्रार’ शब्द गेला, विनियमांत तो राहिला. समिती तीच.

खरी गल्लत होते ती कामाच्या जातीत. कक्ष समजावतो, समिती चौकशी करते. छळाची तक्रार घेऊन आलेल्या मुलीला कक्षातल्या मॅडमनी बसवून पाणी दिलं, तिचं ऐकून घेतलं, तर त्यांनी त्यांचं काम चोख केलं. पण पुढे ‘सरांशी बोलते मी’ म्हणून मॅडम ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्या सरांना भेटल्या आणि त्यांच्याकडून माफीनामा घेऊन आल्या, की प्रकरण बिघडलं. त्या माफीनाम्याला चौकशीचं वजन नाही. सर पुढच्या आठवड्यात ‘गैरसमज होता’ म्हणायला मोकळे, आणि मुलीचे दिवस मात्र संपत चाललेले. तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिने. प्रकार वारंवार घडला असेल तर शेवटच्या घटनेपासून. समिती लेखी कारण नोंदवून आणखी तीन महिने देऊ शकते. मिटवामिटवीत परीक्षा उलटते, सुट्टी लागते, आणि मग मुदतीवरूनच वाद सुरू होतो.

‘पण समेट तर कायद्यातही आहे’, असं लगेच ऐकवलं जातं. आहे. तक्रारदाराने स्वतः मागितला तरच, चौकशी सुरू होण्याआधी, आणि पैशाच्या देवाणघेवाणीवर नाही. विभागप्रमुखांना बरा वाटतो म्हणून नव्हे.

म्हणून अर्जाचा मथळाच नीट लिहा. ‘मा. विभागप्रमुख, योग्य कार्यवाहीसाठी’ असं लिहिलेला कागद टेबलाटेबलांवरून फिरतो, आणि वाटेत पाच जण तो वाचतात. त्याऐवजी: ‘प्रति, अध्यक्ष, अंतर्गत समिती’. खाली तारीख, वेळ, जागा, काय घडलं, कोण हजर होतं, कोणते मेसेज आहेत. ‘त्यांची वागणूक बरोबर नाही’ एवढ्याने भागत नाही. ‘खोली क्रमांक 12, दुपारी चारच्या सुमारास, सर असं म्हणाले’ असं हवं. पोच घ्या, तीवर तारीख घ्या. तिथून घड्याळ चालू होतं: सात दिवसांत तक्रारीची प्रत समोरच्याला, त्याचं उत्तर दहा दिवसांत, चौकशी 90 दिवसांत पूर्ण, पुढच्या दहा दिवसांत अहवाल. अपील आलं नाही तर 30 दिवसांत संस्थेने कारवाई करायची.

उलटी चूकही तेवढीच महागात पडते: समितीने कक्षासारखं वागणं. ‘सगळ्यांना माहीतच आहे ते कसे आहेत’ म्हणत दोन बैठकांत निकाल लावायचा. साक्षीदारांना बोलावणं, शपथेवर तपासणं, कागद मागवणं यासाठी समितीला दिवाणी न्यायालयाचे अधिकार दिलेत ते वापरण्यासाठीच. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात विभागप्रमुखाची बडतर्फी सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये रद्द केली. कारण, चौकशी घाईघाईत उरकली आणि बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही. प्रकरण पुन्हा समितीकडे आलं. घाईचा फटका तक्रार करणाऱ्या मुलींनाच बसतो.

बैठकीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हवेत, वकील कुणालाच नाही. कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांना समितीवर घेता येत नाही. अध्यक्ष महिला प्राध्यापक, निम्म्या तरी सदस्य महिला, एक सदस्य बाहेरचा. विद्यार्थ्यांचं प्रकरण असेल तर तीन विद्यार्थी सदस्यही, आणि ते निवडून आलेले. मॅडमच्या आवडत्या वर्गप्रतिनिधींची वर्णी लावायची नाही. कक्षात जिने त्या मुलीचं सांत्वन केलं तीच बाई समितीवर असेल, तर त्या प्रकरणापुरतं तिने बाजूला व्हावं. तिने एक बाजू आधीच ऐकली आहे, आणि पुढे कोर्टात पहिला आक्षेप तोच येणार.

कक्षाच्या नावात ‘महिला’ आहे म्हणून एखादा मुलगा किंवा तृतीयपंथी विद्यार्थी तिकडे फिरकत नाही. यूजीसीच्या विनियमांत त्यांचाही उल्लेख आहे, त्यामुळे त्यांना ‘हे तुमच्यासाठी नाही’ म्हणून परत पाठवणं चूक.

राहिली एक गोष्ट, जी कक्षाला जमणारच नाही. चौकशी चालू असताना, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो गाईड (संशोधनाचा मार्गदर्शक) त्याच मुलीचा प्रबंध तपासत असतो. समिती शिफारस करू शकते की तोवर त्याने तिचं मूल्यमापन करायचं नाही, तिच्या कामावर शेरा मारायचा नाही. ही मागणी तक्रारीतच, शेवटच्या परिच्छेदात लिहा. बहुतेक मुलींना ती करता येते हेच माहीत नसतं, कारण पाटीवरच्या नंबरवर फोन केला की पहिला प्रश्न येतो, ‘बेटा, घरी सांगितलंस का?’